ओतोचा पांढरा ससा

मराठी माणसाची सशाशी ओळख फार लहानपणी होते. पाठीवर पान पडले म्हणून आभाळ कोसळल्याची आवई उठविणारा तो ससा, कासवाशी पैज लावून मध्येच झोपी जाणारा तो ससा आणि पौर्णिमेच्या चंद्रबिंबाकडे बोट करून आजीने दाखविलेला तोही ससाच. चंद्राला शशी आणि शशांक ही नावे मिळाली तीही त्याच्यामुळे. परंतु श्रोतेहो, आज ज्या सशाची हकिगत मी सांगणार आहे तो हा ससा नव्हे. आपल्या माळरानावर, उसाच्या बांधावर संध्याकाळी कान टवकारून बसलेला जो प्राणी आपण पाहतो तो रानससा. तो बीळ खणीत नाही. गवतात अंग मावेल एवढी उथळ बैठक करतो. त्याची पिले जन्मतःच डोळे उघडे ठेवून, अंगावर लव घेऊन येतात आणि थोड्याच वेळात हालचाल करू लागतात. उलटपक्षी युरोपातील पाळीव ससा हा मुळात बिळात राहणारा आहे. त्याची पिले आंधळी, उघडीबोडकी आणि सर्वस्वी परावलंबी असतात. रानसशाच्या पेशीत गुणसूत्रांच्या चोवीस जोड्या असतात, बिळातल्या सशाच्या पेशीत बावीस. या दोहोंचा संकर होत नाही. मराठीने दोघांनाही एकच शब्द दिला याचे कारण उघड आहे. दुसरा प्राणी आपल्या मुलखात नव्हताच; तो आला तोच पिंजऱ्यातून, पाहुणा म्हणून.

हा भेद आरंभीच सांगितला, कारण पुढचा सारा इतिहास त्यावर उभा आहे. रानसशाला माणसाने आजवर कधी माणसाळविले नाही. ज्याची पिले जन्मल्याबरोबर पळायला सिद्ध असतात त्याला कोंडून वाढविणे कठीण. ज्याची पिले दहाबारा दिवस डोळेही उघडीत नाहीत आणि आईने स्वतःच्या अंगाची लोकर उपटून केलेल्या गादीवर निजून असतात, त्याच्या संसारात माणसाला हात घालता आला. त्या हस्तक्षेपातून पुढे शेकडो जाती निर्माण झाल्या. त्यांपैकी एकीचीच कथा मी निवडली आहे. फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात, काल्वादोस जिल्ह्यात, ओतो-आँ-ओज नावाचे लहानसे गाव आहे. त्या गावाचे नाव धारण करणारा एक पांढरा ससा आहे. फ्रेंच लोक त्याला ‘ब्लाँ द ओतो’, म्हणजे ओतोचा पांढरा, असे म्हणतात. अंग बर्फासारखे शुभ्र, डोळे काळेभोर आणि डोळ्यांभोवती काजळाची बारीक रेघ ओढावी तशी एक काळी कड. एवढेच त्याचे रूप. हा ससा कोणी घडविला, तो जवळजवळ नाहीसा कसा झाला आणि आज त्याला टिकवून धरण्यासाठी मूठभर माणसे का धडपडतात, हे पाहण्यासारखे आहे.

सशाचे मूळ घर म्हणजे स्पेन-पोर्तुगालचे द्वीपकल्प आणि त्याला लागून असलेला दक्षिण फ्रान्स. रोमन लोक स्पेनमध्ये गेले तेव्हा त्यांना हा बिळे पोखरणारा प्राणी इतका नवा वाटला, की स्पेनची खूण म्हणून त्यांनी तोच निवडला. सम्राट हेड्रियनच्या नाण्यांवर स्पेनची स्त्रीरूप प्रतिमा आहे आणि तिच्या पायाशी ससा बसलेला आहे. प्लिनीने तर असे लिहून ठेवले आहे, की बॅलिआरिक बेटांवरील रहिवाशांनी सशांच्या उपद्रवाला कंटाळून ऑगस्टस बादशहाकडे सैन्याची मदत मागितली. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हारो याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात ससे राखण्यासाठी भिंतीने बंदिस्त केलेल्या आवारांचे वर्णन केले आहे. तथापि हे माणसाळविणे नव्हे. आवारातला ससा रानटीच राहिला. माणूस त्याला राखीत होता, घडवीत नव्हता.

मग तो पाळीव झाला केव्हा? या प्रश्नाला एक मोठे सुबक उत्तर बरीच वर्षे दिले जात असे. इसवी सन ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी असा निर्णय दिला म्हणे, की सशाची नवजात पिले हे मांस नव्हे, आणि म्हणून उपवासाच्या दिवसांतही ती खाण्यास हरकत नाही. त्यामुळे फ्रान्समधील मठवासीयांनी ससे पाळण्यास आरंभ केला आणि पाळीव ससा जन्मास आला. ही कथा अनेक विद्वानांनी एकमेकांच्या आधाराने सांगितली. २०१८ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तिचा माग काढला, तेव्हा असे आढळून आले की पोपने असा निर्णय कधी दिलाच नव्हता. सहाव्या शतकातील तूर येथील बिशप ग्रेगरी यांनी आपल्या इतिहासात एका सरदाराविषयी एवढेच लिहिले होते, की तो उपवासाच्या पवित्र काळात सशाची पिले खात असे. पुढे विसाव्या शतकातील एका अभ्यासकाच्या हातून हे दोन ग्रेगरी एकत्र झाले आणि एका माणसाच्या आहाराचे रूपांतर धर्माज्ञेत झाले. एकाने लिहिले, दुसऱ्याने उचलले, तिसऱ्याने गृहीत धरले. इतिहासाच्या अभ्यासकाने आपल्या मेजावर लिहून ठेवावे असे हे उदाहरण आहे.

खरी गोष्ट अशी, की सशाच्या पाळीवपणाला जन्मतारीख नाही. तो हळूहळू, पिढ्यान् पिढ्या घडत गेला. अनुवंशशास्त्रीय तपासणीवरून असे दिसते, की जगातील सारे पाळीव ससे दक्षिण फ्रान्समधील रानटी सशांपासून उतरले आहेत. मध्ययुगात मठ आणि सरदारांच्या गढ्या यांच्या आश्रयाने ते उत्तरेकडे पसरले. इंग्लंडमध्ये ते बाराव्या शतकात पोचले आणि आरंभी तेथे सशाची किंमत कोंबडीहून कितीतरी अधिक होती. त्याच्यासाठी मातीचे लांबट उंचवटे मुद्दाम रचीत आणि राखण्यासाठी रखवालदार नेमीत. ससा धरण्याचा हक्क हा जमीनदाराचा. शेतकऱ्याच्या शेतात शिरून त्याने पीक फस्त केले तरी त्याला हात लावण्याची मुभा नसे. १३८१ साली इंग्लंडात शेतकऱ्यांचा जो मोठा उठाव झाला, त्यात सेंट अल्बन्स येथील लोकांनी मठाच्या राखीव रानातून एक ससा पकडून आणला आणि तो गावच्या शिक्षास्तंभावर लटकविला. आता हा हक्क आमचा, एवढे त्यांना सांगावयाचे होते. फ्रान्समध्ये ही मागणी पुरी व्हायला आणखी चार शतके लागली. ऑगस्ट १७८९ मध्ये राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क रद्द केले. त्यांत सरदारांच्या कबुतरखान्यांबरोबर त्यांची सशांची राखीव कुरणेही गेली.

राज्यक्रांतीच्या इतिहासात सशाला एखाद्या ओळीपेक्षा जास्त जागा मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. पण सशाच्या इतिहासात मात्र राज्यक्रांतीला मोठी जागा दिली पाहिजे. त्यानंतरच्या शतकात ससा सरदाराच्या कुरणातून निघून सामान्य कुणब्याच्या परसात आला. फ्रेंच शेतकऱ्याच्या घरी गायीघोडे पुरुषाकडे असत. परसातली कोंबडी, बदके आणि ससे ही बायकांकडे. सशाला धान्य लागत नाही. बांधावरचे गवत, कोबीची बाहेरची पाने, गाजराचा पाला, वाळलेले गवत यांवर तो वाढतो. मादी एकतीस दिवसांत विते आणि एका वेताला सहा-आठ पिले देते. घरात आठवड्यातून एकदा मांस शिजायचे ते बहुधा सशाचे. कातडे वाळवून ठेवायचे. गल्लोगल्ली ‘सशाची कातडी’ असे ओरडत फिरणारा फेरीवाला ते विकत घेई. त्या लोकरीपासून टोप्यांचा नमदा होई. लिआँ शहराजवळचे शाझेल हे गाव तर या टोप्यांवरच नांदत होते. अशा रीतीने एका गरीब जनावरावर खेड्यातील स्त्रीची थोडीशी स्वतंत्र मिळकत उभी राहिली.

याच परंपरेत यूजेनी बेर्नार ही बाई येते. ओतो येथे तिचा सशांचा गोठा होता, आणि १९०२ साली तिने एक संकल्प केला. तिला शुभ्र पांढरा, पण काळ्या डोळ्यांचा ससा हवा होता. आपणांस हे मामुली वाटेल. पांढरे ससे तर होतेच! पण नेहमीचा पांढरा ससा हा वर्णहीन असतो. त्याच्या शरीरात रंगद्रव्य तयारच होत नाही. म्हणून त्याच्या डोळ्यांतून आतल्या रक्ताची लाली दिसते. बेर्नारबाईंना लाल डोळ्यांचा ससा नको होता. रंग निर्माण करण्याची शक्ती अंगी असूनही ज्याचे केस पांढरे राहतील असा प्राणी त्यांना घडवावयाचा होता. मांसासाठी तो अंगाने भारी असावा आणि कातड्याच्या बाजारात त्याची शुभ्र लोकर चालावी हा त्यामागचा व्यवहार. त्या काळी राजेरजवाड्यांच्या झग्यांना लावल्या जाणाऱ्या अर्मिनच्या पांढऱ्या कातड्याची हौस मध्यमवर्गात उतरली होती, आणि ती हौस भागविण्याचे काम सशाकडे आले होते.

त्यांनी आरंभ केला तो फ्रान्समधील थोरल्या ठिपकेदार सशापासून. याला फ्रेंचांत फुलपाखरू म्हणतात, कारण त्याच्या नाकावर पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा काळा डाग असतो. डोळ्यांभोवती काळी वर्तुळे, पाठीवर काळी रेघ, कुशीवर ठिपके आणि बाकीचे अंग पांढरे. या जातीचा एक विलक्षण स्वभाव आहे. ठिपक्यांचे बीज एकाच पालकाकडून आले तर पिलू ठिपकेदार होते. दोघांकडून आले तर बहुतेक अंग पांढरे आणि डाग अगदी थोडे. कोणाकडूनच न आले तर पिलू एकरंगी काळे. म्हणून दोन ठिपकेदार सशांच्या चार पिलांत सरासरीने एक काळे, दोन ठिपकेदार आणि एक जवळजवळ पांढरे निघते. ठिपकेदार सशाचे शौकीन या पांढुरक्या पिलांना दोषी समजून बाजूला काढीत. बेर्नारबाईंनी त्यांच्यातूनच वाट काढली असे दिसते.

येथे काळाचा एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. ग्रेगोर मेंडेल याचे वाटाण्यावरील प्रयोग पस्तीस वर्षे अडगळीत पडून होते. ते १९०० साली पुन्हा प्रकाशात आले. फ्रान्समधील नान्सी येथे ल्युसियाँ केनो याने उंदरांच्या रंगावर तेच नियम लागू पडतात हे १९०२ साली दाखविले. आणि अमेरिकेत विल्यम कॅसल याने सशांवरील आपले संशोधन १९०५ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे विद्यापीठांतील पंडित ज्या प्रश्नाला भिडत होते त्याच प्रश्नाला त्याच वर्षी नॉर्मंडीतील एक बाई गोठ्यात भिडत होती. पंडिताला नियम सापडला की त्याचे काम संपते. पैदास करणाऱ्याला मात्र नियम कळून भागत नाही. त्याला प्रत्येक वेताची वाट पाहावी लागते, प्रत्येक पिलू उजेडात धरून निरखावे लागते आणि कोणाला ठेवावयाचे, कोणाला काढावयाचे याचा निर्णय शेकडो वेळा घ्यावा लागतो.

बाईंनी व्हिएन्नाचा पांढरा आणि फ्लेमिश पांढरा यांच्याशी संकर करून वाट जवळ करता येते का हे पाहिले. त्यांतून हवे ते फळ मिळाले नाही. तेव्हा ठिपकेदार जातीतच निवड करीत राहणे हाच मार्ग उरला. दहा वर्षांत पाचशेहून अधिक ससे त्यांच्या हाताखालून गेले. पाठीची रेघ पुसट झाली, कुशीवरचे ठिपके गेले, कान पांढरे झाले. १९१२ च्या सुमारास त्यांच्या गोठ्यात असे ससे दिसू लागले, की ज्यांच्या सबंध शुभ्र अंगावर काळेपण उरले ते केवळ डोळ्यांत आणि डोळ्यांभोवतीच्या कडेत. केस पांढरे होऊनही डोळा काळा का राहिला, याचा उलगडा गर्भविज्ञानात मिळतो. त्वचेला आणि केसांना रंग देणाऱ्या पेशी गर्भाच्या पाठीकडून निघून सर्वांगावर पसरतात; ठिपक्यांचे बीज त्यांची ही वाटचाल रोखते. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा रंग मात्र डोळ्याच्या स्वतःच्या पेशींतून तयार होतो. त्यांना प्रवास करावा लागत नाही, म्हणून त्या रोखल्याही जात नाहीत.

पुढे महायुद्ध आले. १९१४ ते १९१८ ही चार वर्षे फ्रान्समधील कोणत्याही गोठ्याला सुखाची नव्हती. तरीही ही जात टिकली. १९२० साली बाईंनी ‘ओतोचा थोरला पांढरा’ या नावाने आपला ससा प्रदर्शनात मांडला आणि १९२२ साली फ्रान्समध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. संकल्पापासून मान्यतेपर्यंत वीस वर्षे गेली. १९२१ च्या सुमारास काही ससे अमेरिकेत नेण्यात आले. तेथे त्यांची चाहना झाली नाही आणि तो वंश तेथे खुंटला. १९२७ मध्ये ते स्वित्झर्लंडला गेले. तेथील पाळकांनी मात्र या सशाला मनापासून आपलासा केला, आणि पुढील काळात त्याचा जीव वाचण्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्यांनाच द्यावे लागते.

कारण फ्रान्समध्ये यापुढचा काळ पडता होता. १९३० नंतरच्या मंदीत कातड्यांचा बाजार बसला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अंमलाखालील फ्रान्समध्ये शिधापत्रिका आल्या आणि शहरांतील लोक सज्ज्यांवर, स्नानगृहांतसुद्धा ससे पाळू लागले. सशांची संख्या वाढली, पण जात पाहण्याची चैन कोणाला परवडणार? जो नर शेजारी मिळेल तो चालविला जाई. जे वीस वर्षांच्या निवडीने साधले होते ते अशा दोन-चार वेतांत विरून जाऊ शकत होते. अवर्षणात बी-भरणाचे धान्य खाऊन टाकावे लागते तसाच हा प्रकार, आणि त्यासाठी कोणाला दोष देता येत नाही.

युद्ध संपले, पण परसातल्या सशाचे दिवस परत आले नाहीत. आता तारेचे पिंजरे आणि दाणेदार तयार खाद्य आले. आणि सशाचे मांस हा कारखानदारीचा माल झाला. या पद्धतीला एकच गुण हवा होता, तो म्हणजे कमीत कमी खाद्यावर लवकर वाढणे. तो गुण न्यूझीलंड पांढरा आणि कॅलिफोर्नियन या दोन जातींत होता. पहिल्याचे नाव काहीही असो, तोही अमेरिकेतच घडलेला आहे. लाल डोळ्यांचा हा पांढरा ससा जगभर पसरला आणि काळ्या डोळ्यांच्या ओतोला कोपऱ्यात बसावे लागले.

त्यात रोगांची भर पडली. १९५२ च्या जूनमध्ये आर्मां-देलील नावाच्या एका फ्रेंच वैद्याने आपल्या मेलबुआ येथील आवारातील रानटी सशांचा बंदोबस्त करण्यासाठी मिक्सोमाटोसिस या रोगाने बाधित केलेले दोन ससे सोडले. आवाराला भिंत होती; रोगाला ती अडवू शकली नाही. दोन वर्षांत फ्रान्समधील बहुतेक सारे रानटी ससे मेले, परसांतील पिंजऱ्यांनाही झळ लागली आणि रोग शेजारच्या देशांत गेला. १९८४ मध्ये चीनमध्ये, जर्मनीहून आणलेल्या अंगोरा सशांत, रक्तस्रावाचा एक नवा रोग दिसला. तो काही वर्षांत युरोपात पोचला आणि २०१० साली त्याचाच दुसरा प्रकार फ्रान्समध्ये उद्भवला. मोठ्या जातीला असा रोग म्हणजे नुकसान. पण ज्या जातीचे ससे चारसहा पाळकांच्या घरीच उरले आहेत, तिच्या बाबतीत एका पंधरवड्यात इतिहास संपू शकतो. लसी आहेत, पण प्रत्येक पिढीला त्या पुन्हा टोचाव्या लागतात.

याच सुमारास लोकांच्या मनात एक निराळा विचारही मूळ धरू लागला होता. जुन्या पाळीव जाती एकामागून एक नाहीशा होत आहेत आणि एकदा गेलेली जात पुन्हा करता येत नाही, या जाणिवेतून १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९७७ मध्ये अमेरिकेत दुर्मिळ पशुजातींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन झाल्या. १९७८ साली टेक्ससमधील बॉब व्हिटमन यांनी ओतोचे ससे पुन्हा अमेरिकेत आणले आणि १९७९ मध्ये तेथील पाळकसंघाने या जातीला मान्यता दिली. पन्नास वर्षांपूर्वी ज्या देशात तिला कोणी विचारले नव्हते त्याच देशात तिला दुसरे घर मिळाले. गंमत अशी की त्याच दशकात जर्मनीच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही विभागांत पाळकांनी ओतोचेच रूप घेऊन एक खुजा ससा तयार केला. जेमतेम सव्वा किलोचा हा ससा मुलांना खेळवायला सोयीचा, म्हणून तो घरोघरी गेला. चार ते पाच किलोचा मूळ ओतो मात्र दुर्मिळ जातींच्या यादीतच राहिला आहे.

अशा जातीचा सांभाळ करणे म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. जनावर काटक आहे, माद्या पिलांची निगा चांगली करतात, आणि लांब राखकेसांमुळे लोकरीला दवाचे कण गोठावेत तशी झळाळी असते. अडचण आहे ती त्या काळ्या कडेची. तिची रुंदी दीड ते तीन मिलिमीटर असावी असा दंडक आहे. ती तुटता कामा नये, जाड होता कामा नये आणि बाकी अंगावर कोठेही डाग असता कामा नये. निसर्गाला हा दंडक ठाऊक नाही. त्यामुळे प्रत्येक वेतात कोणाची कड एका बाजूला तुटते, कोणाच्या कानावर जुन्या ठिपक्याची आठवण उमटते. पाळकाने दंडक काटेकोर पाळावा, तर निम्म्याहून अधिक पिले पैदाशीतून बाद होतात, उरलेल्यांचे परस्परांशी नाते फार जवळचे होते आणि काही पिढ्यांत वंशाची ताकद घटते. दंडक सैल सोडावा, तर ज्या रूपासाठी बेर्नारबाईंनी वीस वर्षे घालविली ते रूपच ओसरते. शिवाय ठिपक्यांचे बीज दुहेरी आले, तर काही ठिपकेदार जातींत मोठ्या आतड्याचे दुखणे उद्भवते हेही आता कळून चुकले आहे. म्हणून या कुळातील सशाचे रूप पाहताना त्याचे पोटही पाहावे लागते.

माझ्या मते येथे शहाणपणाची वाट एकच आहे. प्रदर्शनाला न्यावयाचा ससा निराळा आणि वंश चालवावयाचा ससा निराळा, हे पाळकाने मान्य केले पाहिजे. कड तुटलेली, पण आठ पिले निगुतीने वाढविणारी निरोगी मादी ही बक्षीस मिळविलेल्या, पण दुबळ्या मादीपेक्षा जातीला अधिक मोलाची. ती ठेवावी, तिला चांगल्या कडेचा नर द्यावा आणि दोन पिढ्या थांबावे. बेर्नारबाईंनी तरी काय केले? इतरांनी ज्यांना दोषी ठरविले होते त्यांच्यातूनच त्यांनी आपली जात घडविली. तिच्या रक्षणकर्त्यांनी दोषाला इतके भिऊ नये.

पण याहून मूलभूत प्रश्न कोणी विचारील. हा ससा टिकला काय आणि न टिकला काय, जगाचे काय अडते? त्याच्या मांसावाचून कोणी उपाशी राहणार नाही, त्याच्या लोकरीवाचून कोणी थंडीने गारठणार नाही. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला भावनेने उत्तर देऊन चालणार नाही. उत्तर असे, की आजच्या बाजाराने ज्या दोनतीन जाती निवडल्या त्या आजच्या खाद्याला, आजच्या पिंजऱ्याला आणि आजच्या रोगांना धरून निवडल्या. उद्याची गरज कोणती हे १९०२ मधील व्यापाऱ्याला कळले नव्हते, तसेच ते आपल्यालाही कळत नाही. ज्याची उपयुक्तता संपली असे आज वाटते त्यात काय साठलेले आहे, हे ते गेल्यावर तपासता येत नाही.

आपल्याकडे पाळीव सशांचा गंभीर उद्योग आहे तो मुख्यतः हिमाचलात. कुलू खोऱ्यातील गारसा येथे अंगोरा सशांच्या लोकरीवर संशोधन चालते. महाराष्ट्रात ससा हा अजूनही पाहुणाच. तथापि हा प्रश्न आपल्याला परका नाही. दख्खनच्या पठारावर धनगरांच्या कळपांत जी दख्खनी मेंढी आहे, तिची लोकर काळी, भरड आणि टोचरी. तिच्यातून घोंगडी होत असे आणि त्या घोंगडीवर शेतकऱ्याचा पावसाळा निघत असे. कापड स्वस्त झाले, प्लॅस्टिकचे इरले आले, लोकरीला गिऱ्हाईक राहिले नाही. तेव्हा मांसासाठी लवकर वाढणाऱ्या मेंढ्यांशी संकर हा सोयीचा मार्ग वाटू लागला. ओतोच्या गोठ्यात जे घडले त्याच्याशी हे पडताळून पाहावे. तेथे निदान एका बाईचे नाव जातीच्या जन्माशी जोडलेले आहे. आपली मेंढी ज्यांनी शतकानुशतके निवडून निवडून घडविली त्या धनगर स्त्रीपुरुषांची नावे कोणत्याही नोंदीत नाहीत. त्यांचे कौशल्य जेथे लिहिले गेले आहे असे एकच ठिकाण आहे, आणि ते म्हणजे त्या मेंढीचे शरीर.

फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि अमेरिका या देशांत काही लोक अजूनही सकाळी उठून पिंजरे झाडतात, गवत घालतात आणि नव्या वेतातील पिलांच्या डोळ्यांभोवतीची कड उजेडात धरून पाहतात. ती अखंड असली तर त्यांना आनंद होतो. नसली तर ते पुढल्या महिन्याची वाट पाहतात.